दादाच्या गप्प बसण्याबद्दल

शेफिल्ड, 14 सप्टेंबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

महालक्ष्म्यांचे फोटो पाहिले. फुलोरा यंदा फार सुरेख बांधलात. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं दादाच्या आजारपणाच्या या दिवसांत तुम्ही एकटीने ओढून नेलंत, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. फोनवर बोलतो तेव्हा दादा शेजारच्या खोलीत असतो. मग आपण दोघी अर्धं बोलतो, अर्धं गिळतो. म्हणून हे पत्र. लांबलंय, सवडीने वाचा आणि नंतर दादालाही द्या. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

परवा तुम्ही म्हणालात, "आता बरं आहे, परत जाऊन पाहणं बंद झालं. नुसता गप्प बसून असतो विचार करत." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. आधी तो ऑफिसातून निघाला की शंकर नगरपाशी गाडी वळवायचा, कुणाला धडक तर बसली नाही ना, रस्त्यात कुणी पडलेलं तर नाही ना, हे बघायला. ते थांबलं हे चांगलंच. पण वहिनी, तपासणं थांबलेलं नाही. तो आता ते खुर्चीत बसून करतो. चहा निवून जातो, टीव्ही चालू असतो, आणि दादा मनातल्या मनात व्हरायटी चौक, झाशी राणी चौक, शंकर नगर, बजाज नगर असा अख्खा रस्ता पुन्हा गाडीवरून जात असतो. खड्ड्यात चाक आदळलं तो आवाज नक्की कसला होता? आरशात पांढरा शर्ट दिसला तो माणूस उभा होता की पडत होता? मागून कुणी ओरडलं का? बघणाऱ्याला वाटतं, रिकामा बसलाय. प्रत्यक्षात तो राबत असतो, म्हणूनच रात्री इतका गळून गेलेला असतो.

दादाचा हा आजार म्हणजे ओसीडी, मंत्रचळ. ओसीडी म्हटलं की लोकांना हात धुणं आणि कुलूप ओढून पाहणं एवढंच ठाऊक असतं. मनात चालणारी कृती कुणाला दिसत नाही, त्यामुळे ती मोजलीही जात नाही. मी इथे मानसिक आरोग्याच्या बाह्यरुग्ण विभागात नर्स आहे, आणि हाच प्रकार सगळ्यात उशिरा ओळखला जातो हे मी रोज बघते. घरच्यांना वाटतं माणूस शांत झाला. त्याला स्वतःला वाटतं, आपण फक्त विचारच तर करतोय.

या आजारात दोन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या करून बघाव्या लागतात. एक, मनात अचानक येणारा नकोसा विचार. दुसरी, तो विचार आल्यावर त्याचं उत्तर मिळवण्यासाठी माणूस जे करतो ते. पहिली गोष्ट सगळ्यांनाच होते. 1978 मध्ये लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी निरोगी माणसांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांना रुग्णांसारखेच भलतेसलते विचार येत होते: कुणाला इजा करण्याचे, अपघाताचे, घाणीचे, देवाच्या विटंबनेचे. 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 94 टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक विचार येऊन गेला होता. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर गाडी आदळली की "कुणाला लागलं तर नाही?" हे तुमच्याही मनात चमकून जात असेल. पुढच्या सिग्नलपर्यंत तुम्ही ते विसरता. दादा विसरू शकत नाही, कारण त्याला वाटतं की हा विचार आला म्हणजे त्याची शहानिशा करणं आपली जबाबदारी आहे, आणि ती न करणारा माणूस नीच. पॉल साल्कोव्स्किस यांनी 1985 मध्ये हेच मांडलं: विचारापेक्षा, त्या विचाराची जी अवाजवी जबाबदारी माणूस अंगावर घेतो, तिने आजार वाढतो. रस्त्यावरचं लंगडं कुत्रं घरी आणणारा आपला दादा. इतरांना इजा होऊ नये हे त्याला ज्या तळमळीने वाटतं, नेमकं तिथेच या आजाराने त्याला धरलंय. तो वाईट माणूस आहे म्हणून हे विचार येतात, असं त्याला वाटत असेल तर हा परिच्छेद त्याला आधी दाखवा.

आता दुसरी गोष्ट, ती शहानिशा. ती संपत का नाही? नागपूर खंडपीठात एखादा खटला चालावा तशी दादाच्या मनात रोज सुनावणी असते. आरोपी तो, वकील तो, साक्षीदार तो आणि न्यायाधीशही तोच. रात्री निकाल लागतो, निर्दोष. सकाळी दात घासताना नवा मुद्दा निघतो आणि अपील दाखल होतं. त्याला शंभर टक्के खात्री हवी असते, आणि घडून गेलेल्या गोष्टीबद्दल तेवढी खात्री कुणालाच मिळत नाही. तुम्हाला नाही, मला नाही.

शिवाय पुन्हा पुन्हा आठवून बघण्याने आठवण पक्की होत नाही, उलट विरत जाते. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची स्मृती अचूकच राहिली, पण तिच्यावरचा विश्वास घटला, चित्र पुसट झालं. नुसतं मनातल्या मनात तपासलं तरी हेच होतं, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे दादा तो पांढरा शर्ट जितक्या वेळा आठवतो तितका तो धूसर होतो, आणि धूसर झाला म्हणून तो पुन्हा आठवतो. माझ्या मते दादाला समजावण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे. त्याला इंजिनियरचं डोकं आहे, कार्यकारणभाव दिसला की तो ऐकतो.

बाबा म्हणतात, "काऊन इतका विचार करतो बाप्पा, सोडून दे ना!" त्यांची माया कळते मला. पण विचार येऊच नये अशी खटपट केली की तो अधिक येतो. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून हे दाखवून दिलं. विचार येणं दादाच्या हातात नाही. आलेल्या विचाराच्या मागे जाऊन उत्तर शोधत बसणं, हे मात्र तो स्वतः करतो. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे त्याला वाटतं की हे आपोआप होतंय. ती कृती आहे हे एकदा त्याला स्वतःला पकडता आलं, की ती अर्ध्यावर सोडताही येते. प्रश्न मनात तसाच उघडा राहू द्यायचा. ढकलायचा नाही, सोडवायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. "धडक बसली असेल किंवा नसेल" यावर थांबायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. अस्वस्थ वाटेल, पहिल्यांदा खूपच वाटेल.

रामरक्षेबद्दल तुम्ही विचारलं होतं. संध्याकाळी दिव्यापाशी बसून तो म्हणतो ती रामरक्षा सुखाने म्हणू द्या. पण विचार आला की तो खोडण्यासाठी म्हणायची, मध्ये चुकली तर पहिल्यापासून म्हणायची, असं होत असेल तर तीही तपासण्याचाच भाग झाली. ही गोष्ट डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे ती भक्तीच्या आड सहज लपते.

यावरच्या उपचाराला इथे ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जायचं, आणि नंतर नेहमीची कृती करायची नाही. 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य समजत. दादाच्या बाबतीत गाडी चालवणं हे अर्धंच काम आहे. घरी आल्यावर मनातली फेरी न मारणं हे खरं काम, आणि थेरपिस्टने नेमकं तेच धरायला हवं. ते निसटलं तर तो रोज गाडी चालवेल, रोज मनात तपासेल, आणि सहा महिन्यांनी म्हणेल की उपचारांचा उपयोग नाही.

आता तुमच्याबद्दल. रात्री तो विचारतो, "काही झालं नसेल ना?" आणि तुम्ही म्हणता, "नाही हो, काही नाही झालं." नवरा तळमळत असताना कुठल्या बायकोला हे म्हणावंसं वाटणार नाही? तुमच्या त्या शब्दांनी त्याला अर्धा तास झोप लागते. पण ते उत्तरही त्या शहानिशेतच जमा होतं, आणि पुढच्या वेळी त्याला ते पुन्हा हवं असतं. सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या धुंडाळणं आणि बाबांनी पोलिसातल्या मित्राला फोन लावणं, हेही तसंच. हे एकदम तोडू नका. तो बऱ्या मनःस्थितीत असताना, शक्यतो थेरपिस्टसमोर, दोघांनी मिळून ठरवा की अमुक प्रश्नाला आता उत्तर मिळणार नाही. मग रात्री म्हणा, "तुम्ही परत त्या रस्त्यावर गेलात. उत्तर नाही देत, पण मी इथेच आहे." आवाज रोजचाच ठेवा. तो चिडेल, कदाचित म्हणेल की तुला माझी पर्वा नाही. त्या वेळी माघार घेऊ नका आणि भांडूही नका. आणि छोट्याला या उत्तरं देण्यात ओढू नका, त्याने बापाला धीर देण्याचं हे वय नाही.

गोळ्या त्याने महिन्याभरात सोडल्या हे कळलं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन ही औषधं ओसीडीत बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. क्लोमिप्रामिन जुनं आणि परिणामकारक आहे, पण त्याचे त्रासही अधिक, म्हणून ते सहसा नंतर देतात. यांची नशा नसते, चटक लागत नाही. मात्र मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. मात्रा आणि मुदत डॉक्टर ठरवतील. ज्या डॉक्टरांनी "जास्त विचार करू नका" एवढंच सांगून पाठवलं त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगते.

कुठे जायचं? पागलखाना चौक म्हटलं की आपल्या घरात सगळे गप्प होतात, तिथे कुणी ओळखीचं दिसेल म्हणून. प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे आणि तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. तरी नको असेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. धंतोली-रामदासपेठेत खाजगी डॉक्टरही आहेत. कुठेही गेलात तरी आधी विचारा: ईआरपी करणारे मानसतज्ज्ञ तुमच्याकडे आहेत का, आणि मनात चालणाऱ्या कृतींवर ते काम करतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे विचारा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे, गरज पडली तर तिथे जाता येईल. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात. दादा कधी जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलला तर थेरपिस्टच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या आणि मला केव्हाही फोन करा. खर्चाचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखेच धरायला सांगितलंय. पॉलिसीचे कागद काढून ठेवा, मी वाचून देईन. कमी पडेल ते माझ्याकडून, त्यावर चर्चा नको.

शनिवारी तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की व्हिडिओ कॉल करते, तेव्हा इथे साडेतीन असतात. दादाला समोर बसवा, आपण तिघांनी बोलू. बाबांना नमस्कार, छोट्याला खूप लाड.

तुमची,
नणंद

ता. क. पहिल्या भेटीआधी दादाला आठवडाभराची एक वही करायला सांगा. कुठला विचार आला हे त्यात लिहायचं नाही, नाहीतर ती वहीसुद्धा शहानिशाच होईल. नुसतं लिहायचं: किती वाजता मनात तपासायला लागलो, किती वाजता भानावर आलो, आणि मध्ये कुठलं काम राहून गेलं. डॉक्टरांना त्यावरून लगेच अंदाज येतो.