शारजा म्हणजे दुबईचे स्वस्तातले लॉज नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दुबई सहलीवरचा लेख वाचला. खर्च वाचवायचा तर मुक्काम शारजात करावा, असा सल्ला त्यात आहे. सल्ला चुकीचा नाही, पण तो तिथेच संपतो आणि गोची तिथूनच सुरू होते. मराठी माणसाला शारजा ठाऊक ती सचिनच्या एप्रिल १९९८ मधल्या १४३ आणि १३४ धावांमुळे. मी तिथे एकवीस वर्षे संसार केला, रोला चौकाच्या मागच्या गल्लीत. म्हणून हे पत्र.

दुबई आणि शारजा एकाच देशातल्या, संयुक्त अरब अमिरातींतल्या, पण दोन वेगळ्या अमिराती, म्हणजे दोन वेगळी राज्येच. अल नहदा भागात तर नुसता रस्ता ओलांडला की अमिरात बदलते, आणि तिच्याबरोबर नियमही. शारजात १९८५ पासून दारूबंदी आहे. पंचतारांकित हॉटेलातही मिळत नाही आणि दुबईत घेतलेली बाटली पिशवीतून आणून खोलीत ठेवणेही चालत नाही. टूरवाल्यांना हे माहीत असते. पण बुकिंगच्या वेळी सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, ही धास्ती. माझ्या भाच्याच्या ग्रुपला विमानतळावरून थेट शारजाच्या हॉटेलात नेले, प्रत्येकाच्या हातात ड्यूटी फ्रीची पिशवी. रिसेप्शनवरचा केरळी मुलगा हळूच म्हणाला, साहेब, हे इथे नको. रात्री सगळा माल न्हाणीघरात ओतला गेला आणि सकाळी भाच्याचा मला फोन, "मावशी, तू तरी सांगायचंस!" आता हा शारजात उतरणार हे मला कसे कळावे? त्याच्या कागदांवर सगळीकडे दुबईच छापलेले.

कपड्यांचेही तसेच. २००१ मध्ये तिथे सार्वजनिक सभ्यतेचे नियम आले. त्यांत बायकांबद्दल जसे आहे तसे पुरुषांबद्दलही आहे, हे आपले पुरुष सोयीने विसरतात. उघड्या अंगाने किंवा अगदी आखूड चड्डीवर बाजारात हिंडायचे नाही. सकाळी बर्म्युडा घालून दूध आणायला उतरणारा डोंबिवलीकर तिथे लांबूनच ओळखू येतो. बायकांनी खांदे, पोट आणि गुडघे झाकले की भागते. मी सगळी वर्षे साडीच नेसले, पदर तेवढा पुढून नीट घेऊन. डोके झाकायचे ते मशिदीत. सगळेच नियम मला पटले असे मुळीच नाही. नात्यात नसलेल्या स्त्री-पुरुषांनी आडवेळी एकत्र दिसण्यावरही त्यात बोट ठेवले होते, त्यावरून माझे आणि यजमानांचे पुष्कळदा वाजले. पण ते घरात.

पैसे मोजून जायचे आणि वर त्यांचे नियम पाळायचे, असे कुणी म्हणेल. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुष सदरा काढतातच की, तेव्हा कुणी पावती दाखवत नाही.

आणि नियम सांभाळले तर हे गाव काय काय दाखवते! खालिद खाडीच्या काठावरची अल नूर मशीद तुर्की धाटणीची आहे, २००५ मधली. ठरलेल्या वेळी ती इतर धर्मीयांनाही आतून दाखवतात. बायकांना अबाया, म्हणजे अंगभर झगा, तिथेच मिळतो. आमच्या शेजारच्या रत्नागिरीच्या भाभींनी मला पहिल्याच आठवड्यात बजावले होते, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचे नाही, मागून जायचे. त्यांच्याचकडून कळले की परक्या बाईमाणसापुढे पुरुषाने आणि परक्या पुरुषापुढे बाईने आपणहून हात पुढे करू नये. छातीवर हात ठेवून मान लववली की झाले. आपला नमस्कारही तिथे सगळ्यांना कळतो.

अरबी कहव्याचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, किस्सा सांगायलाच हवा. कप बिनकानाचा, इवलासा, आणि त्यातही तळाला जेमतेम घोटभर. आमच्या आत्याबाई एका अरब घरी गेल्या तेव्हा अर्धाही कप दिला नाही म्हणून रुसल्या. थोडे ओतणे हाच तिथे मान, पुन्हा पुन्हा वाढता यावे म्हणून. काठोकाठ भरला तर उलट अर्थ निघतो. बरे, कप उजव्या हाताने घ्यायचा आणि पुरे झाल्यावर जरा हलवून परत करायचा, हे आत्याबाईंना ठाऊक नव्हते. त्या नुसता पुढे धरत, त्या घरचा मुलगा ओतत राही. सात कप झाले. रात्रभर झोप नाही.

फोटोंबाबत मात्र थट्टा नको. ब्लू सूक म्हणजे तिथला निळा बाजार, त्यात निळ्या फरशांचे, दुकानांचे फोटो खुशाल काढा. बुरख्यातल्या बाईवर मोबाइल रोखू नका. परवानगीशिवाय फोटो काढणे कायद्यानेही महागात पडू शकते. रमजानमध्ये दिवसा रस्त्यात पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावू नये. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, पण काही वर्षांत आपल्या नाताळच्या सहलींवर येऊन आदळेल, हेही टूरवाल्यांनी आतापासून धरावे.

१९९४ मध्ये नव्याने गेले तेव्हा वटपौर्णिमेला वड शोधत फिरले होते. रोला म्हणजे तिथल्या बोलीत वडच, आणि त्या चौकाला नावही एका जुन्या वडावरूनच पडलेले. पण तो १९७८ मध्येच गेला होता. चौकात त्याची आठवण म्हणून शिल्प उभे आहे. मी त्यालाच लांबून हात जोडले, कुणी हसले नाही.

लेखिकाबाईंना विनंती, पुढच्या वेळी हॉटेलच्या दरांशेजारी या गोष्टींनाही चार ओळी द्याव्यात. आणि दिवाळीत जाणाऱ्यांसाठी एक राहिलेच. खसखशीला त्या देशात बंदी आहे, दुबईतसुद्धा. चिवडा, चकल्या न्या, अनारसे मात्र घरीच संपवा.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)