‘विचारून सांगतो’ म्हणायला लाजू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातला, ज्यांची ॲलर्जी असू शकते अशा चौदा पदार्थांच्या चित्रांचा तक्ता तू पाठवलास, तो मोबाइलवर मोठा करून वाचला. खाली तुझी ओळ : “आई, इथे लोक मोहरीलाही घाबरतात.” हसू येणारच. आपल्याकडे मोहरी तडतडल्याशिवाय स्वयंपाकाला सुरुवात होत नाही, आणि माझ्या मेसला दाण्याचं कूट किलोच्या हिशेबात लागतं. पण ॲलर्जीचं ते ऑनलाइन ट्रेनिंग तू बसमध्ये बसल्या बसल्या ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत संपवलंस, हे काही मला पटलं नाही. ब्रिटनच्या सरकारी फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ते फुकट ठेवलंय ना? मग पुन्हा उघड, आणि या खेपेला तुमचं मेनूकार्ड शेजारी ठेवून बघ.

कारण तक्त्यावर शेंगदाणा टरफलासकट काढलेला असतो, पातेल्यात तो तसा दिसत नाही. कोर्म्याच्या ग्रेव्हीत काजू किती मुरलेत ते तुला ठाऊक, समोर बसलेल्याला नाही. डाळीच्या फोडणीत मोहरी असते, हे आपण सांगायच्या लायकीचंही समजत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही म्हणून नान सोडून डाळ-भात मागवणाऱ्याला तू त्या हिंगाची फोडणी दिलीस, तर त्याने नान सोडून काय मिळवलं? सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहू असतो. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासळी. स्टॉक क्यूबमध्ये, म्हणजे सूप-रश्शात घालायच्या तयार वडीत, सेलरी ही भाजी. हे सगळं तक्त्यावर आहे. आणि तू विचारलेलं ल्युपिन म्हणजे एक कडधान्यच, युरोपात त्याचं पीठ काही ब्रेड-पेस्ट्रीत घालतात. खोबरं त्या चौदांत नाही, पण ते सोसत नाही अशीही माणसं असतात. कुणी खोबऱ्याचं विचारलं तर “ते यादीत नाही” असं उत्तर देऊ नकोस.

तुझ्याच धंद्यातली एक गोष्ट आहे, ती तुला माहीत असायला हवी. जानेवारी 2014 मध्ये उत्तर यॉर्कशायरमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटमधून एका गिऱ्हाइकाने चिकन टिक्का मसाला पार्सल नेला. त्याला शेंगदाणा सोसत नव्हता, म्हणून नट्स नकोत असं त्याने सांगितलं होतं. रेस्टॉरंटने डब्यावर तसं लिहूनही दिलं होतं. पण मालकाने पैसे वाचवायला बदामाच्या पावडरीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त पावडर आणायला सुरुवात केली होती. तो माणूस घरी गेला, जेवला आणि त्यातच दगावला. 2016 साली मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

मला यात पावडर बदलली ती जागा सगळ्यात भीतीदायक वाटते. वस्तू बदलणं आपल्या रक्तात आहे रे. काजू महागले, मगज घाल. तीळ संपले, दाणे घाल. चव जमली की आपण स्वतःवरच खूश! मेसमध्ये मीही हेच करते आणि त्याला हुशारी म्हणतात. पण तुमच्याकडे भिंतीवर कुठल्या पदार्थात काय आहे त्याचा कागद लावलेला असतो, आणि बाहेर ऑर्डर घेणारी मुलगी तो बघून गिऱ्हाइकाला शब्द देते. तू आत मसाल्याचा ब्रँड जरी बदललास तरी तो कागद खोटा ठरतो. म्हणून आधी पाकीट वाच, कागद बदल, बाहेर सांग, मग कढई चढव. शेफ ओरडला तर ओरडू दे.

दुसरं, ‘थोडंसंच आहे, चालतं’ हे वाक्य तिथे विसर. तिखटाचं तसं असतं, ॲलर्जीचं नसतं. उलथन्याला लागलेलं कूटही काही जणांना पुरतं. आचेवर दाण्यातलं ते प्रथिन मरत नाही, उकळून, तळूनही राहतं. ज्या तेलात कोळंबी तळली त्यात कांदाभजी तळलीस की कोळंबी भजीतही आली. आणि हाताला सॅनिटायझर चोळून भागत नाही, त्याने जंतू मरतात, कूट हातावरच राहतं. साबण आणि पाणी, बाळा. तू दर रविवारी स्टाफला साबुदाण्याची खिचडी करून घालतोस, ते वाचून बरं वाटलं. पण दाणे मिक्सरला फिरवून झाकण काढलंस की धूळ कशी उडते, ती ओट्यावर, शेजारच्या चिरलेल्या कोथिंबिरीवर कशी बसते, एकदा डोळ्यांनी बघ. त्या दिवशी खिचडी सर्व्हिसच्या आधी उरकून ओटा, मिक्सर, फडकं सगळं धुऊन काढ. नाहीतर सरळ पोहे कर, बिनदाण्याचे.

गिऱ्हाइकाने विचारलं आणि तुला नक्की ठाऊक नसलं, तर “विचारून सांगतो” म्हण. तरीही कळलं नाही तर “खात्री देता येत नाही, दुसरं काही घ्या” म्हण. आपल्याला पाहुण्याला नाही म्हणायला जड जातं, म्हणून तोंडातून “नाही नाही, त्यात काही नाही” पटकन निघतं. विचारणारा चोखंदळपणा करत नसतो. त्याने नाव घेतलेला पदार्थ ताटातून नुसता वेचून काढून तेच ताट परत पाठवायचं नाही, नवीन करायचं.

आणि देव न करो, समोर कुणाचे ओठ सुजले, घसा आवळतोय म्हणाला, धाप लागली, तर पाणी आणायला धावू नकोस. 999 या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन कर आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’ (ॲलर्जीचा जीवघेणा झटका) हा शब्द स्पष्ट सांग. अशा लोकांजवळ बहुधा ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनचं पेन असतं, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही देता येतं. माणसाला आडवं करून पाय वर घ्यायचे. श्वासच घेता येत नसेल तर पाय लांब करून बसवायचं. पण उभं करायचं नाही, मोकळ्या हवेत चालवत न्यायचं नाही. ॲलर्जीच्या साध्या गोळीवर विसंबायचं नाही. सुट्टीच्या दिवशी हे तोंडपाठ कर.

बाबांचा गुडघा बरा आहे, जिना मात्र अजून टाळतात. पार्सल सोमवारी निघेल. त्यात गोडा मसाला आहे, म्हणजे तीळ आले. मेतकूट आहे, त्यात गहू आणि मोहरी. दोन्ही डब्यांवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कारण ॲलर्जीसाठी पाकिटावर काय वेगळं सांगावं लागतं त्याची जी यादी आपल्याकडच्या एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची आहे, तिच्यात तीळ आणि मोहरी नाहीत, तुमच्या चौदांत आहेत. इथून आणलेल्या कुठल्याही पाकिटाचं असंच धरून चाल. डबे खोलीवरच ठेव. शेफला चव दाखवायची हौस आलीच तर त्याला खोलीवर जेवायला बोलाव, आणि त्याला काय चालत नाही ते आधी विचार.

तुझी,
आई