रुखवतवाल्या काकूंना, एका सुरीबद्दल

काकू,

हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता, आणि माझं बोलणं तसंच राहतं. बारा दिवसांत दोनदा झालंय असं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्याचे. मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की तो मशिदीत उभा राहून तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतो आणि मोठ्या माणसांत धरला जातो, तो बार मित्झवा. (सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, आम्ही मशीदच म्हणतो. नवीन रिक्षावाला असला की भलत्याच दारात नेऊन उतरवतो.) आमची शार हाशामाइम १८७९ सालची. शनिवारी सकाळी तिथे माझा मुलगा वाचणार होता आणि रविवारी दुपारी हॉलवर जेवण होतं. दहा टेबलं. प्रत्येकाच्या मधोमध फुलांऐवजी खायची आरास हवी, हा चिरंजीवांचा हट्ट. "फुलं कोण खातं, आई?"

शुक्रवारी दुपारी सजावटवाल्याचा नमुना आला. दुधाच्या चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, मार्शमेलो आणि मधे पेढ्यांचा मनोरा. आणि जेवणात मटण! करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस, असं तोरा सांगते. म्हणून मटणाच्या पंगतीत आम्हाला दूध, तूप, लोणी काहीही चालत नाही. आमच्या रश्श्यातसुद्धा नारळाचं दूध असतं. हे मी त्या गृहस्थांना तीनदा सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. उत्तर काय? "मॅडम, सगळं व्हेज तर आहे!" मार्शमेलोतलं जिलेटिन जनावराच्या हाडाकातड्यातून येतं, म्हणजे व्हेज तरी कुठलं! आगाऊ दिलेले पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत. त्याच्याआधी एक बाई भेटल्या होत्या, त्यांनी 'ज्यू थीम' म्हणून वाळवंट आणि उंट दाखवले. अहो, आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. थीमच करायची तर घाण्याचा बैल ठेवा की!

सूर्यास्ताला दोन तास होते. एकदा शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की मला फोनला हात लावता येणार नव्हता. तेव्हा तुमची आठवण झाली. शेजारच्या वहिनींच्या मुलीच्या रुखवतातलं तुमचं साखरेचं तुळशीवृंदावन मी कधीच विसरले नव्हते. तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "काय काय चालत नाही, तेवढं सांग." महिनाभर सगळे मला काय हवं ते विचारत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. "तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो म्हणालीस. गच्चीवर जाऊन आले, ठाण्यात कुठले तारे दिसायला! घड्याळ बघून आले." पाठीमागे तुमचा नातू, डोक्यावर बांबूच्या दहा कोऱ्या टोपल्या.

आणि मग तुम्ही पिशवीतून सुरी काढलीत. अगदी नवी. पुठ्ठ्यात बांधलेली, पात्यावर किमतीचं स्टिकर तसंच. आमच्याकडे मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, हे मी फोनवर घाईत एकदाच बोलून गेले होते. घरातली सुरी घासूनपुसून आणली असतीत तरी मला कळलं नसतं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. स्टिकर नखाने खरवडलंत, सुरी धुतलीत आणि नारळाची पाठ काढायला बसलात. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले, कारण डोळे भरून आले होते.

पुढचं सगळं तुमच्या हाताचं कसब. टोपलीत केळीचं पान, त्यावर आमच्या मलिद्याचा डोंगर: भिजवलेले पोहे, साखर, ओला नारळ, वेलची, बदाम. भोवती केळी, खजूर, सफरचंद, संत्री. मलिदा आम्ही एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने करतोच. पण तो असा रुखवतासारखा नटलेला आमच्या आजीनेही पाहिला नसेल. आणि डोंगरावर ती तोराची गुंडाळी! आंबापोळीची, दोन्ही बाजूंना उसाची कांडकी. "वर दोन अक्षरं काढू का?" तुम्ही विचारलंत. देवाचं नाव असलेलं काही आम्ही पोटात घालत नाही, मी म्हटलं. "मग कोरीच बरी," म्हणालात आणि पुढची वळायला घेतलीत.

रविवारी वडीलमंडळींनी आशीर्वाद म्हटले. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीच्या पिकाचा वेगळा, आणि केळं आमच्यात दुसऱ्यात मोडतं. तो 'आमेन' संपतो न संपतो तोच पोरांनी दहाही तोरा फस्त केल्या. इस्रायलहून, अश्दोदहून आलेली माझी आते एक टोपली मांडीवर घेऊन बसली होती, कुणाला देईना.

दुसऱ्याचं खाणंपिणं समजून घ्यायला फार मोठं मन लागतं असं लोकांना वाटतं. मला तर वाटतं, नुसते कान लागतात. 'थोडंसं चालतं हो' म्हणणारी माणसं काही दुष्ट नसतात, पण त्यांच्याबरोबर जेवताना आपणच सारखे चोरासारखे बसतो. तुमच्याबरोबर तसं वाटलं नाही.

तुम्ही दिलेल्या चिठ्ठीत नारळ, फळं, टोपल्या, सगळ्याचा हिशेब होता. सुरीचा नव्हता. निघताना मी ती तुमच्या पिशवीत टाकली, तर तुम्ही परत काढून ओट्यावर ठेवलीत. "राहू दे इथेच. माझ्या घरी वापरली गेली की तुझ्याकडे चालायची नाही."

धाकटीला अजून दोन वर्षांनी बारा पूर्ण होतील, आणि आमच्यात मुलींचा हा सोहळा बाराला असतो. सुरी वेगळ्या खणात ठेवली आहे, काकू.