दांडपट्ट्याला जागा लागते

सातारा,
रविवार, रात्रीचे दोन

प्रिय सुन्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, लेकीच्या बारशालाही आलो नाही. चिडला असशील, चिडच. पण आत्ता एक गाठ सुटलीय आणि ती सांगायला तुझ्याशिवाय माणूस नाही. घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच.

आपण दोघांनी बनवायला घेतलेल्या गेममधला दांडपट्टा बिघडला होता. तू असताना ठरलं होतं, विट्याचा, म्हणजे दोरी बांधलेल्या फेकायच्या भाल्याचा, एक वार १८ चा, दांडपट्ट्याचे ६-६ चे तीन. बेरीज सारखी, म्हणजे तोल साधला, असं आपण धरून चाललो. मग मी ताईत आणला, दर वाराला ४ जादा. विटा २२ वर, दांडपट्टा ३० वर. दोन ताईत घातले की २६ आणि ४२! ज्याला ज्याला खेळायला दिलं, त्यानं तिसऱ्या लढाईनंतर दुसऱ्या शस्त्राला हात लावला नाही. म्हणून शत्रूला चिलखत चढवलं, दर वारातून ५ वजा. तर बिनताईताचा विटा १३ वर थांबला आणि दांडपट्टा उरला ३ वर. तीन, सुन्या! ताईत असला तर देव, नसला तर उसाचं कांडं.

चार महिने आकडे हलवत बसलो. चिलखत टक्क्यांत केलं. २० टक्के कापले तर एक वार काय नि तीन काय, सारखंच, त्यामुळे ते दुखणं गेलं. ताईत टर्नला एकदाच लागू केला, तर दोन्ही शस्त्रं हुबेहूब एक झाली. फक्त चित्र वेगळं. त्या रात्री फार वाईट वाटलं रे. ज्या शस्त्रापायी गेम करायला घेतला, तेच त्यात उरलं नाही.

तेव्हाच आपलं ते भांडण आठवलं. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ या गेममधला माझा तिरंदाज. मी सगळे पॉइंट रेंज्डमध्ये, म्हणजे धनुष्याच्या कौशल्यात घालायचो, तू बोंबलायचास, ‘वॉरफेअर, म्हणजे युद्धकौशल्य, वाढव!’ बाणाला वॉरफेअर कशाला, म्हणून मी तुझ्या हातातला कंट्रोलर ओढला होता. आता वहीत मांडून पाहिलं. फिनेस, म्हणजे चपळाई, आणि रेंज्डची आपसात बेरीज होते, वॉरफेअर त्यावर गुणलं जातं. रेंज्ड काय नि वॉरफेअर काय, पॉइंटाला ५ टक्केच. फिनेसनं १०० टक्के वाढ मिळत असेल, तर रेंज्डच्या १० पॉइंटांनी मूळ डॅमेज अडीचपट होतो, वॉरफेअरच्या १० नी तिप्पट. तू बरोबर होतास, लेखी देतो. कंट्रोलरबद्दल मात्र माफी नाही. तू माझे कंदी पेढे संपवले होतेस.

परवा शिवजयंतीला गांधी मैदानावर मर्दानी खेळ होते. तेरा-चौदा वर्षांची एक पोरगी पट्टा चढवून उतरली. वस्तादांनी आधी सगळ्यांना मागे रेटलं, तिच्या जोडीदारालासुद्धा. हात कोपरापर्यंत खोबणीत, मनगट वळतच नाही. सगळा फिरका खांद्यातून आणि कमरेतून. पातं लवलवत जमिनीलगत आलं आणि लिंबाची फोड उडून माझ्या चपलेपाशी पडली. उचलून पाहिली तर बीसुद्धा मधोमध कापलेली.

आपण त्याचे वार मोजत बसलो, गड्या, जागा मोजलीच नाही!

आता असं केलंय. दांडपट्टा फिरला की दोन घरांच्या आत जो असेल त्याला लागतो, आपला असो की परका. बाजूला भिंत असली तर फिरतच नाही. विटा चार घरांवरून फेकायचा, दोरीनं परत ओढायचा, पण ओढण्यात एक चाल जाते. आज खिंडीबाहेरची लढाई दोनदा हरलो. तिसऱ्यांदा आपली माणसं मागे घेतली, पट्टेवालीला एकटीला सात जणांत सोडलं आणि विटेकरी लांबून तिला राखत राहिला. जिंकलो. खुर्चीतून उठून घरभर फिरलो, आईला जाग आली.

अडलंय ते कट्यारीवर. २०२४ ला लंडनहून आलेली वाघनखं आपण इथल्या संग्रहालयात पाहिली, तेव्हा काचेला नाक लावून तू म्हणाला होतास, ‘हे गळाभेटीचं शस्त्र.’ कट्यारही त्याच जातीची. ती शेजारच्या घरात घुसली की दांडपट्ट्याचा वार बंद व्हावा, असं मला वाटतं. पण मग तीन कट्यारवाले एकदम आले की पोरगी मेलीच. एकाला अडवायची सोय द्यावी, तर दांडपट्टा परत देव होईल का? डोकं चालत नाही.

लेकीचं नाव काय ठेवलंत? फोटोत कपाळ तुझं आहे, बाकी सगळं वहिनींचं, बरं झालं. नवीन नोकरी कशी आहे? काकांचं पेन्शन मार्गी लागलं का? सविस्तर लिही.

फाइल पाठवतोय. आधी खिंडीची लढाई खेळ, मग कट्यारीचं सांग. रात्रीअपरात्री फोन कर, मी जागाच आहे.

तुझा,
बंड्या