‘द डार्क नाईट’ ही खलनायकाची आरती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘द डार्क नाईट’ या बॅटमॅनच्या चित्रपटावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून हे पत्र. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने जोकर या खलनायकाची आरती ओवाळली, पोरांना त्याचं वेड लावलं आणि अडीच तास नुसता काळोख दाखवला, असा लेखाचा एकूण सूर आहे. वर ‘मध्यंतरानंतर चित्रपट भरकटतो’ असाही शेरा मारला आहे. आपल्या लेखकांबद्दल मला आदर आहे, त्यांचे जुन्या मराठी सिनेमावरचे लेख मी कापून ठेवते. पण इथे त्यांनी चित्रपटावर सपशेल अन्याय केला आहे.

आधी त्या मध्यंतराचंच सांगते. २००८ साली हा चित्रपट आला तेव्हा मी पुण्यात भाच्याकडे गेले होते. तो हट्टाने एका मल्टिप्लेक्सला घेऊन गेला. पडद्यावर पाठलाग ऐन रंगात आला होता. जोकर ट्रकमध्ये, बॅटमॅन त्याच्या त्या दुचाकीवर, ट्रकच्या चाकांत दोर अडकलेला. आणि तो अठरा चाकी ट्रक उभाच्या उभा हवेत उचलला जात असताना पडदा काळा झाला, दिवे लागले आणि पॉपकॉर्नची जाहिरात सुरू झाली! शिकागोच्या बँकांच्या पेठेत, लासाल स्ट्रीटवर, नोलनच्या लोकांनी खराखुरा ट्रक उलटवला होता. ट्रकच्या पोटाखाली दट्ट्या बसवलेला आणि आत चालक बसलेला. संगणकावर केलेली ही करामत नव्हे. तो क्षण आमच्याकडून काढून घेतला गेला. बरं, पुन्हा चित्रपट सुरू केला तेव्हा लोक अजून जागा शोधत होते, समोशांच्या पिशव्या वाजत होत्या, आणि ट्रक आधीच रस्त्यावर आडवा पडलेला. मी व्यवस्थापकाकडे गेले. ‘मॅडम, इंग्लिश पिक्चरला इंटर्व्हल नसतो, आम्हालाच कुठेतरी टाकावा लागतो,’ हे उत्तर मिळालं. कुठेतरी! नाटकाच्या पहिल्या अंकात ऐन संवादाच्या मध्ये पडदा पाडला असता तर प्रेक्षकांनी ऐकून घेतलं असतं का? प्रसंग संपेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबता येत नाही का? आजही हेच चालतं. तेव्हा मध्यंतरानंतर चित्रपट भरकटला असेल, तर आपल्या लेखकांनी तो कुठे तोडला होता तेही पाहावं. दिग्दर्शकाने मध्यंतर लिहिलेलंच नाही.

आता जोकर. हीथ लेजरने तो असा काही साकारला आहे की आजही अंगावर काटा येतो. पण त्याला मोठं केलं म्हणजे त्याची पूजा केली असं कसं होईल? ओठांवरच्या जखमा कशा झाल्या याची गोष्ट तो एकदा बापावर ढकलतो, दुसऱ्यांदा बायकोवर. दोन्ही वेळा ऐकणारा गारठतो आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडतात. तिसऱ्यांदा बॅटमॅनला सांगायला जातो, तर बॅटमॅन ऐकूनच घेत नाही. या माणसाला भूतकाळ नाही, कीव करायला जागा नाही, हे नोलनने मुद्दाम केलं आहे. पोलिस ठाण्यातला तो छोटा प्रसंग आठवा. पोलिस अधिकारी गॉर्डनला बढती जाहीर होते, सगळे टाळ्या वाजवतात आणि कोठडीत बसलेला जोकरही संथपणे टाळ्या वाजवू लागतो. चेहऱ्यावर हसू नाही, डोळे समोर रोखलेले. एक शब्द न बोलता लेजर अख्खी खोली थंड करून टाकतो. असा नट २२ जानेवारी २००८ ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्याने हा चित्रपट प्रेक्षकांसोबत पाहिला नाही. पुढच्या वर्षीचं ऑस्कर त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने घेतलं. तो सोहळा मी टीव्हीवर पाहिला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. याच चित्रपटाला आठ नामांकनं मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी अकादमीने त्या पाचांचे दहा केले, तेव्हा अनेकांनी या चित्रपटाचंच नाव घेतलं.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की दोन बोटींचा प्रसंग लेखात एका ओळीचाही नाही. अहो, चित्रपटाचा प्राण तिथे आहे! एका बोटीत साधे नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्ही बोटींत स्फोटकं पेरलेली आणि प्रत्येकीच्या हाती दुसरीचा खटका. मध्यरात्रीपर्यंत कुणी कुणाला उडवलं नाही तर दोन्ही उडणार. नागरिकांच्या बोटीत चक्क मतदान होतं आणि बहुमत ‘उडवा’ असं पडतं. मग एक सुटाबुटातला माणूस पुढे येऊन खटका हातात घेतो, पण किल्ली फिरवणं त्याला जमत नाही. तो खटका परत पेटीत ठेवतो आणि खाली बसतो. दुसऱ्या बोटीत एक आडदांड कैदी अधिकाऱ्यासमोर उभा राहतो. ‘मला द्या, मी जबरदस्तीने घेतला म्हणून सांगा.’ आता हा किल्ली फिरवणार, असं बघणाऱ्याला शंभर टक्के वाटतं. तो खटका घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. बारा वाजून जातात, काहीच होत नाही, आणि जोकरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ दिसतो. माणूस संधी मिळाली की माणसाला खातोच, या त्याच्या एकमेव सिद्धांताला एका कैद्याने खोटं पाडलं. ज्या दिग्दर्शकाने ही जागा त्या कैद्याला दिली, त्याच्यावर खलनायकाला डोक्यावर घेतल्याचा आरोप करायचा?

हार्वी डेंट या सचोटीच्या सरकारी वकिलाला बिघडवण्यात मात्र जोकर जिंकतो, हे मी मान्य करते, आणि चित्रपट ते लपवत नाही. म्हणूनच तो मला खरा वाटतो. शहरातल्या सगळ्यांच्या फोनमधून कानोसा घेणारं यंत्र बॅटमॅन बनवतो, तेव्हा त्याचाच विश्वासू सहकारी फॉक्स म्हणतो की हे यंत्र इथे असेल तर मी इथे नसेन. नायकाला त्याच्या घरातला माणूस असं सुनावतो, असे किती मारधाडपट आपल्या लेखकांनी पाहिलेत? तेही २००८ साली, प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन यायच्या आधी.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचं छायाचित्र चुकलेलं आहे. लाल सूट, पिवळसर जाकीट आणि मागे पायऱ्या, हा २०१९च्या ‘जोकर’मधला वाकिन फिनिक्स आहे. दिग्दर्शक वेगळा, कथा वेगळी, तिचा या चित्रपटाशी संबंध नाही. लेजरचा कोट जांभळा आहे, हे पोस्टर पाहिलेलं शाळकरी पोरही सांगेल. छायाचित्राखाली नाव छापलंय तेही ‘लेडगर’. पुरवणीत अलीकडे अशा चुका फार वाढल्या आहेत, शब्दकोड्याची उत्तरंही गेल्या महिन्यात उलटसुलट छापली होती. येत्या रविवारी योग्य छायाचित्र आणि बरोबर नावासह दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
मिरज