लेकीच्या जर्मन बाईंना

आदरणीय बाई,

जर्मनमधलं पत्र तुम्हाला शाळेत दिलंच आहे, लेकीनं माझं व्याकरण सुधारून. हे दुसरं मुद्दाम मराठीत लिहितेय. पुण्या-चाकणहून नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टकडे येणारी घरं कमी नाहीत आणि मोठ्या मुलांचं शाळेत काय होणार, हा घोर सगळ्यांनाच असतो.

बालवाडीतलं पोर खेळता खेळता भाषा उचलतं. आमची सातवीत आली. जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारीच्या वर्गात, म्हणजे इथल्या फोरबेराइटुंग्सक्लासमध्ये, शेजारी युक्रेनचा मुलगा, पलीकडे सीरियाची मुलगी आणि समोर तुम्ही. गणिताला मात्र ती नेहमीच्या वर्गात बसायची. तिथल्या पहिल्याच पेपरात तिला पाच मिळाले. आजी फोनवर खूश, "सहापैकी पाच म्हणजे छानच की!" इथे 1 सर्वांत चांगला आणि 6 सर्वांत वाईट, हे आजीला सांगायचं धाडस आम्हाला झालं नाही.

तुमचा विषय जर्मन. तरी तो पेपर तुम्ही मागून घेतलात आणि तिच्याशेजारी बसून एकेक ओळ पाहिलीत. इथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात आणि टिंब येतं हजारांसाठी, त्यामुळे 1.250 हे तिनं सव्वा वाचलं होतं. तिच्या 7 ला मधली आडवी रेघ नव्हती, म्हणून सरांनी तो 1 धरला होता. उरलेली शाब्दिक उदाहरणं तिला कळलीच नव्हती. तीच उदाहरणं तुम्ही सरांना आकृत्या काढून द्यायला लावलीत. तिनं ती सोडवली. त्यानंतर सरांचं तिच्याबद्दलचं मत बदललं, आणि माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. मार्क काय, मागून येतातच.

तोंडी सहभागाचं प्रकरण याहून अवघड होतं. इथे वर्गात हात वर करून बोलण्याला गुण असतात. आपल्याकडे विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी शहाणी ठरते. एका शिक्षकांनी तर 'हिला विषयात रस दिसत नाही' असं सांगून खालच्या पातळीच्या शाळेत (इथे शाळांचे असे प्रकार असतात) घालायचं सुचवलं. (पालकसभेत ते ऐकताना माझं जर्मन नेमकं आटलं.) तुम्ही एवढंच म्हणालात, वर्षभर थांबा. मग त्या-त्या शिक्षकांना गाठून उद्या तिला विचारायचा एक प्रश्न आदल्या दिवशी मागून आणायचात. ती घरी वहीत आधी मराठीत उत्तर लिहायची, मग जर्मनमध्ये, आणि सकाळी हात वर करायची. मराठीत लिहू नकोस, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

अजून एक. दिवाळीवर बोल, साडी नेसून ये, असं तिला अनेकांनी सुचवलं. तुम्ही तिलाच विचारलंत, तुला कशावर बोलायचंय? ती म्हणाली, लोणार. भूगोलात तेव्हा श्टाइनहाइमचं विवर चाललं होतं, उल्का पडून झालेलं, इथून फार लांब नाही. मुलांना वाटत होतं, असली नवलाई फक्त इथल्या श्वेबिश आल्प या डोंगराळ भागालाच. आमच्या बुलढाण्याच्या मुलीनं (आजोळ तिकडचं) सांगितलं की लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, ते काळ्या बेसाल्ट खडकात झालंय, आत खारट, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर आहे आणि जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं. प्रश्न इतके आले की तास संपला. त्या दिवशी ती भारतातून आलेली मुलगी म्हणून बोलली नाही, विषय माहीत असलेली मुलगी म्हणून बोलली. हा फरक तुम्हाला आधीपासून दिसत होता, म्हणून हे पत्र.

तुमच्या मोकळ्या तासांचा हिशेब कुणी ठेवत नसेल. आम्ही ठेवलाय.

पुढच्या महिन्यात चाकणहून एक कुटुंब येतंय, मुलगा आठवीतला. त्याच्या आईला मी सांगून ठेवलंय, जुन्या वह्या घेऊन ये, बाई त्या आधी मागतात. आणि त्याला सातवर आडवी रेघ काढायला आत्तापासूनच शिकव.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई