नुसत्या स्टॅम्पला काय चाटायचंय?

नाशिक, रविवार

प्रिय सुध्या,

तू पाठवलेला फोटो मोठा करून तीनदा वाचला. 500 रुपयांचा स्टॅम्प, तुझ्या चुलत दादाची लफ्फेदार सही, दोन साक्षीदार आणि मधे एकच ओळ: 'चुलतभावास 2 लाख रुपये देईन.' कशाबद्दल, याचा पत्ताच नाही! त्याचा वकील नेमकं तेच धरून बसलाय.

स्टॅम्पवर उतरवलं की काम पक्कं, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांकडे रोज हीच गर्दी बघतो. अरे, स्टॅम्प म्हणजे सरकारला भरलेलं शुल्क. वचन कोर्टात टिकायला मोबदला लागतो. कायद्याच्या पुस्तकात त्याला 'प्रतिफल' म्हणतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 म्हणतं, मोबदला नाही तर करार शून्य, मोजके अपवाद सोडून. तो पुरेसा आहे का, हे मात्र कोर्ट तोलत बसत नाही. हजाराचा घोडा राजीखुशीने दहा रुपयांत विकला तरी करार होतो, असं उदाहरण त्याच कलमाखाली आहे. पुढे विकणारा 'माझी संमती खरी नव्हती' म्हणाला, तर ते दहा रुपये कोर्टाच्या डोळ्यांत येतात.

आधी वाटलं, नात्याच्या वाटेने जावं. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं वचन मोबदल्यावाचूनही चालतं, पण ते लेखी आणि नोंदणी केलेलं लागतं. तुमचा कागद सब-रजिस्ट्रारच्या दारातही गेलेला नाही. आणि माया? बांधावरून तीन वर्षं अबोला होता तुमचा! भांडून वेगळ्या राहणाऱ्या नवराबायकोतसुद्धा कलकत्ता हायकोर्टाने 1900 साली ती धरली नव्हती.

पण गेल्या वर्षीची द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आठव. दादा दवाखान्यात, आणि तू आपली बाग मजुरांवर टाकून त्याच्या बागेत. घड औषधात बुडवायचं डिपिंग, मणी विरळ करायचं थिनिंग, डावणी रोगाच्या फवारण्या, पार माल गाडीत भरेपर्यंत. कागद झाला त्यानंतर. तो म्हणेल, मी कुठे सांगितलं होतं? म्हणू दे. आपल्यासाठी कुणी स्वतःहून केलेल्या कामाची भरपाई कबूल केली, तर ते वचन हेच कलम पाळायला लावतं. सापडलेलं पाकीट परत करणाऱ्याला 50 रुपये कबूल केले तर तो करारच, असं तिथे लिहिलंय. आणि त्याने फोनवर 'बाग बघ रे' म्हटलं असेल, तर आणखी बरं: सांगून करून घेतलेलं काम, आधीचं असलं तरी, आपल्याकडे मोबदलाच.

फक्त कागदात कारण नाही, ते पुराव्याने उभं करावं लागेल. मजुरांची हजेरीवही, औषधांची बिलं, त्या महिन्यांतले दादाचे मेसेज, काही फेकू नकोस. पैसे द्यायची तारीख उलटून गेलीय, त्या दिवसापासून 3 वर्षांची मुदत चालू आहे.

दावा लावण्याआधी काकूंना मधे घालून बघ. मंगळवारी आलास तर अस्सल कागद घेऊन ये, फोटो नको. मिसळ खाऊ आणि नोटीस लिहू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या